सोळाव्या पायरीवरची मेंढरं

नऊ मुंडकी असलेला, अंगावर पोलादी खवले मिरवणारा आणि नुसत्या श्वासाने दगडाचे पाणी करणारा तो अजगर रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जन्माला आला आणि दहा वाजून चोवीस मिनिटांनी मेला. या चार मिनिटांपैकी एक मिनिट सिद्धप्पाने चहाचा कप खाली ठेवण्यात घालवले.

अजगर घडवायला तात्यारावांना सतरा दिवस लागले होते.

"सर," लिंबाजी म्हणाला, "ह्यो अजगर व्हता का गांडूळ?"

"गांडूळ असतं तर रानाला तरी उपयोग झाला असता," रेणुकाबाई म्हणाल्या.

तात्यारावांनी वहीतले पान शांतपणे उलटले. ते बिदरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत आणि तिथल्या ग्रंथालयाची किल्लीही त्यांच्याकडेच असे. बहमनी काळातील पाणीव्यवस्थेवर त्यांनी सहाशे बेचाळीस पानांचा प्रबंध लिहिला होता. विद्यापीठाने तो परत पाठवताना मजकुरापेक्षा टिपा अधिक झाल्याचे कळवले होते. तेव्हापासून त्यांचा राग थंड पडला होता. म्हणजे गेला नव्हता, विहिरीच्या तळाला पाणी असते तसा थंड होऊन राहिला होता.

हा खेळ १९८४ साली बिदरला आला. किल्ल्याच्या अभ्यासासाठी राहिलेला एक परदेशी विद्यार्थी जाताना तीन जाड पुस्तके आणि चित्रविचित्र फाशांची पिशवी ग्रंथालयात ठेवून गेला. त्यात वीस पैलूंचाही एक फासा होता. या खेळाला पट नाही आणि पत्तेही नाहीत. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे आपापल्या शूराच्या तोंडून 'मी हे करतो, मी ते करतो' म्हणतात. जमले की फसले ते फासा ठरवतो. संकट निभावले की शूर एक पायरी वर चढतो. संकटाशी पडणाऱ्या या सामन्याला तात्यारावांनी आपल्या मराठी भाषांतरात 'गाठ' म्हटले होते, आणि कुणाला किती घाव सोसतील त्या आकड्याला 'प्राणांक'. पुस्तकाने त्यातल्या परदेशी देवांनाही प्राणांक बहाल केले होते. ज्या घराने छप्पन साली देव्हारा रिकामा केला त्या घरात वाढलेल्या माणसाला ही तरतूद विशेष आवडली. कुठला देव किती घावांत आटोपतो याचा तक्ता तात्यारावांनी पहिल्याच आठवड्यात दोन रंगांच्या शाईत उतरवून काढला.

रविवारी ग्रंथालयातल्या टेबलाभोवती तिघे बसत. लिंबाजी एस.टी.त कंडक्टर होता. त्याचा योद्धा वज्रबाहू, ज्याची तलवार म्यानातून निघाली की शत्रूचे अर्धे प्राणांक आधीच गळून पडत. रेणुकाबाई त्याची थोरली बहीण, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यांची जादूगारीण अग्निमाला उडत असे, विजा पाडत असे आणि भिंतीपलीकडचे बघत असे. शाळेतल्या मुलांच्या मते यातले शेवटचे बाईंना खेळाबाहेरही जमे. तिसरा सिद्धप्पा, एका दवाखान्यातला कंपाउंडर. घरी कन्नड बोले, खेळात मराठी आणि चिडला की दखनी. त्याचा चोर सावळ्या, जगातले कुठलेही कुलूप उघडणारा.

तीन वर्षांत तिघे सोळाव्या पायरीवर पोचले होते आणि तिथेच घोटाळा झाला. पहिल्या पायरीवर चार उंदरांनी वज्रबाहूला रडवले होते. सोळाव्या पायरीवर त्याने गेल्या दिवाळीत वादळाचा एक देव लोळवला आणि वर "झालं का?" म्हणून विचारले. पुस्तकही या उंचीवर मुके होत असे. बाराव्या पायरीपर्यंत ते पानोपानी उपदेश करी. त्यापुढे फक्त एवढेच सांगे, की शत्रू अधिक बलवान करावा. तात्यारावांनी तो केला. पाच मुंडक्यांची सात केली आणि सातांची नऊ. जादू न लागणारा राक्षस आणला, तर रेणुकाबाईंनी त्याच्यावर बुरूजच पाडला. बुरुजाला जादू लागत होती. भुलभुलैया बांधला तेव्हा सावळ्या उलट्या दिशेने शिरून आधी खजिन्यात पोचला. शेवटी एका गाठीत तात्यारावांनी तिघांची शस्त्रे आणि शक्ती आल्या आल्या काढून घेतल्या, तेव्हा लिंबाजीने हातातला फासा खाली ठेवला होता.

"सर, जत्रेला न्यायचं आन् येशीत पाय बांधून ठिवायचे, ह्ये बरं न्हाई."

त्यात तथ्य होते आणि तेच तात्यारावांना अधिक लागले.

आता नऊ मुंडक्यांच्या मयतीनंतर लिंबाजीने घसा साफ केला. तिकिटावर खूण करायची निळी पेन्सिल त्याच्या कानाला अजून तशीच होती.

"सर, रागाला येऊ नका. मी शनिवारी डबल डुटी करून ह्यो रविवार मोकळा करायलोय. रेणुकाअक्का सैपाक उरकून येती. सिद्धप्पा तर बायकूला दवाखान्यात काम हाय म्हणून सांगून येतो."

"ते कामून काढायलास इथं?" सिद्धप्पा दचकला.

"आन् हितं येऊन काय करायचं? फासा टाकायचा, राक्षस मरायचा, चहा प्यायचा. पंधरा दिवस घ्या. पर त्या दिवशी वज्रबाहूला घाम फुटला पायजे. न्हाई फुटला तर आपला राम राम. मी आपला रविवारी झोपंन."

"माझी बी शिलाई पडून हाय," रेणुकाबाई म्हणाल्या. पण त्यांनी ते खाली बघत म्हटले.

तात्यारावांनी "ठीक" एवढेच म्हटले आणि कुलूप लावून सायकलवर बसले. वर्गात त्यांच्यापुढे चाळीस बाक असत आणि त्यांतले सहा भरलेले असत, तेही खिडकीकडचे. प्रबंध कपाटात होता. आठवड्यातले रविवारचे तीन तासच असे होते, की ज्यात तात्याराव बोलत आणि तीन माणसे श्वास रोखून ऐकत. ते तीन तास गेले, तर त्यांच्याजवळ फक्त विद्वत्ता उरणार होती, आणि नुसती उरलेली विद्वत्ता माणसाचे काय करते हे त्यांनी ग्रंथपालांच्या संमेलनांत जवळून पाहिले होते.

घरी शोभाबाई ज्वारी निवडत होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी सूप खाली ठेवले.

"मेला का आज बी?"

"चार मिनिटांत."

"मुंडकी कमी पडली असतील. पुढच्या वेळी शंभर लावा, धा वाजून पंचवीस मिनटं तरी वाजतील." मग नवरा हसत नाही असे पाहून त्या मायेने म्हणाल्या, "आवं, त्या दोघा भावंडांना हरवायचं असंल तर त्यांच्या आईला इचारा. म्हाळसाबाईपुढं दोघं बी अजून चळचळा कापत्यात म्हणं."

शोभाबाई थट्टा करत होत्या. परंतु गांजलेला अभ्यासक थट्टेतही संदर्भ शोधतो. मंगळवारी तास नव्हते. तात्यारावांनी लिंबाजीची पाळी नसलेली बस हेरली, वही घेतली आणि ते भावंडांच्या गावी, कमठाण्याला गेले.

म्हाळसाबाई अंगणात घोंगडीवर बसून लोकर कातत होती. सत्तरीची, काटक, समोरच्या माणसाकडे बघताना आधी पायांकडे बघायची. मेंढरे आता थोरल्या मुलाकडे होती, पण हात रिकामे राहायला तयार नव्हते.

"या मास्तर. लिंबाजी सोळाव्या पायरीवर गेलाय म्हणायली रेणुका. पगार वाढला न्हाई तो न्हाईच."

"ती पायरी वेगळी, मावशी. आणि मला त्याला तिथंच हरवायचं आहे."

"कामून? काय केलं लेकरानं?"

"काही नाही. त्याला काही होतच नाही, हीच अडचण आहे."

मग तात्यारावांनी, विद्यापीठापुढे कधी मांडली नसेल इतक्या सोप्या भाषेत, सगळी अडचण मांडली. म्हाळसाबाईने मध्ये एकदाही टकळी थांबवली नाही. अजगर संपल्यावर तिने विचारले,

"तुमच्या त्या राक्षसाला काय पायजे असतंय?"

"काय पाहिजे म्हणजे?"

"म्हंजी तो कामून येतो?"

तात्यारावांनी आजवर दोनशेहून अधिक राक्षस, वेताळ आणि अजगर घडवले होते. त्यांतल्या प्रत्येकाची उंची, वजन, दातांची संख्या आणि प्राणांक त्यांना तोंडपाठ होते. तो कामून येतो, हा रकाना वहीत नव्हता.

"लढायला," ते म्हणाले.

"उगंच?" म्हाळसाबाई हसली. "लांडगा लढाया येत न्हाई मास्तर, जेवाया येतो. तुमच्याशी त्याचं काय भांडण न्हाई. एकजण म्होरं येऊन नाचतो. तुमी काठी घिऊन त्याच्या मागं पळालात, की तवर दुसरा मागनं घिऊन जातो. मारला तुमी म्होरचा, मरू द्या की. मेंढी तर गेली का न्हाई?"

तात्याराव लिहायला लागले. पुढे दोन तास ते लिहीत होते. दुपारी ऊन माथ्यावर आले की मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली माना घालून घोळका करतात आणि मग कुणाच्या बापाचे ऐकत नाहीत. कळपापुढे शेळी लागते, कारण मेंढीला स्वतःची वाट नसते. म्होरकी पाण्यात उतरली तरच बाकीच्या उतरतात. पिके निघाली की शेतकरी मेंढरे खतासाठी रानात बसवून घेतो आणि ठरल्या दिवशी कळप पोचला नाही तर दुसऱ्याला बोलावतो.

"किती मेंढ्या होत्या तुमच्याकडं?"

"मोजायच्या कशाला? तोंडं ठावं असत्यात की. काजळी हाय, बोडकी हाय, तांबडकानी हाय. कोण न्हाई त्ये बगितल्याबराबर कळतंय." मग समोरच्या रानाकडे बोट करून ती म्हणाली, "आन् हे बगा, जोंधळा कापल्यावर बुडख्याला कोवळं कोंब फुटायलेत. लई ग्वाड दिसतंय. त्ये खाल्लं की मेंढी जागच्या जागी आडवी होती. पर ह्ये लिहू नका, धनगराच्या बारक्या पोराला बी ठावं असतंय. लिंबाजीला तर असंलच."

तात्यारावांनी तरीही ते लिहिले. गाठ अवघड करायची, पण शूराला आपले कसब दाखवायला एक सोपी जागाही ठेवायची, एवढी सभ्यता त्यांच्यात होती. ती जागा त्यांनी लिंबाजीच्या घराण्याला अर्पण केली.

परतीच्या बसमध्ये मात्र त्यांना राग आला. नेहमीचा थंड राग, पण या वेळी त्याचे तोंड आत वळले होते. तीन वर्षांत तिघा शूरांनी एकशे अकरा गावे वाचवली होती. वाचवताना निदान तीस तरी जाळली होती. राक्षसावर टाकलेली आग राक्षसापाशी थांबत नाही. दर वेळी गावकऱ्यांनी हात जोडून आभार मानले होते. त्यांतल्या एकाही गावकऱ्याचे नाव शूरांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नव्हते कारण सूत्रधाराने ठेवलेच नव्हते. ज्या माणसाने राजांच्या याद्यांत पाणक्यांची नावे नाहीत म्हणून सहाशे बेचाळीस पाने कोरडे ओढले होते, त्याने आपल्या स्वतःच्या राज्यात तेच केले होते, शिवाय टिपांवाचून.

पुढचे बारा दिवस त्यांनी एकही मुंडके काढले नाही. ते नावे लिहीत राहिले.

ठरलेल्या रविवारी तिघे वेळेआधी आले. लिंबाजीने बाह्या सरसावल्या.

"आणा सर. किती मुंडक्याचा हाय?"

"एक म्हातारी आहे," तात्याराव म्हणाले. "नाव चन्नव्वा. तिचा पाय मोडलाय. नदीपलीकडच्या रानात तिची मेंढरं आज खताला बसायची ठरली आहेत. सूर्य मावळायच्या आत पोचली नाहीत तर शेतकरी दुसरा कळप बोलावणार. तीनशे मेंढरं आहेत. ती म्हणते, बाबांनो, एवढी तेवढी पोचवा."

सिद्धप्पा खो खो हसला.

"अरे अण्णा, देव मारून आलो आपण! आणि आता मेंढ्या?"

"सर," लिंबाजी दुखावल्या सुरात म्हणाला, "मेंढरामागं फिरायचं न्हाई म्हणून तर बापानं मला शाळंत घातलं. आन् तुमी सोळाव्या पायरीवर नेऊन पुन्हा मेंढरंच हाती दिलाव व्हय?"

बारा वर्षांच्या होईपर्यंत रेणुकाबाई कळपामागे चालल्या होत्या; शाळा त्यांना नंतर भेटली. त्यांनी फक्त खुर्ची पुढे ओढली.

दुपारचे ऊन माथ्यावर आले आणि तीनशे मेंढरांनी एकमेकींच्या पोटाखाली माना घातल्या. वज्रबाहूने डरकाळी फोडली. त्याच डरकाळीने एकदा राक्षसांची एक अख्खी पलटण पळाली होती. मेंढरे अधिक दाटीने उभी राहिली. "फुडच्या एकीला खांद्यावर घेतो!" त्याने घेतले, बाकीच्या दोनशे नव्व्याण्णवांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. अग्निमालेने सगळा कळप उडवून नदीपार नेता येईल का विचारले. तात्यारावांनी नियमाचे पान काढून दाखवले: एका वेळी चार, दिवसातून तीनदा. रेणुकाबाईंनी हिशेब केला आणि पान परत दिले. त्यांची शक्ती कुणी काढून घेतली नव्हती. ती फक्त मेंढ्यांच्या मापाची नव्हती.

उन्हे कलली, म्होरकी शेळी चालू लागली आणि तेवढ्यात डोंगराच्या कडेला एक लांडगा दिसला.

"आला!" लिंबाजी जवळजवळ उभाच राहिला. वज्रबाहू धावला. वीस पैलूंचा फासा गडगडला आणि वीसवर थांबला. लांडग्याचे दोन तुकडे झाले. सिद्धप्पाने टाळी दिली.

"छान," तात्याराव म्हणाले. "मागच्या बाजूने सात मेंढ्या गेल्या."

"कुणी नेल्या?"

"त्याच्या घरच्यांनी."

लिंबाजीने रुमाल काढून मान पुसली. रेणुकाबाईंनी ते पाहिले, पण पंखा बंद असल्याचे निमित्त त्याच्या बाजूने होते.

"मी नदी बघून येते," रेणुकाबाई म्हणाल्या, "उतार कुठं हाय ते. तवर तुमी मेंढरं हलवू नका." अग्निमाला उडाली.

इथे टेबलाचा एक नियम सांगायला हवा. ज्याचा शूर जागेवर नाही त्याने तोंड उघडायचे नाही. हा नियम खुद्द लिंबाजीनेच भांडून करून घेतला होता, कारण सावळ्या तीन मजले खाली तळघरात असतानाही सिद्धप्पा वरच्यांना सल्ले देत असे.

"अग्निमाला येईपर्यंत तुम्ही थांबला आहात," तात्याराव म्हणाले. "मेंढरं भुकेली आहेत. डाव्या हाताला माळ आहे. वाळलेलं, खुरटं गवत. उजव्या हाताला जोंधळा काढलेलं रान आहे. बुडख्याला हिरवेगार कोवळे कोंब फुटलेत."

ही ती सोपी जागा होती. तात्याराव मनातल्या मनात कमठाण्याच्या अंगणाला नमस्कार करून मागे टेकले.

"मग इचारायचं काय त्यात," लिंबाजी म्हणाला. "उजवीकडं सोडतो. हिरवं हाय, खाऊ द्या गरिबांना."

रेणुकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला.

तात्यारावांच्या पाठीचा खुर्चीशी असलेला संबंध तुटला. "नक्की?" त्यांनी विचारले.

"थांब अण्णा," सिद्धप्पा म्हणाला. "सर नक्की म्हणायलेत. कायतरी हाय त्यात."

सोळा पायऱ्यांचा अनुभव कामाला लागला. सावळ्याने अख्खे रान पायाखाली घातले; पुरलेले सापळे, विषारी सुया, जमिनीखालचे दरवाजे, काहीही निघाले नाही. वज्रबाहूने मंतरलेल्या तलवारीचे टोक मातीला लावले. राक्षस असता तर ते तापले असते, ते गारच राहिले. शेतकरी वेषांतर केलेला वेताळ आहे का, कोंब जादूचे आहेत का, आभाळातून काही येते आहे का, हे सारे तपासून झाले. रेणुकाबाईंचे डोळे आता पाण्याने भरले होते. हसू आवरण्याचे की दुसरे कसले, ते तात्यारावांना ठरवता येईना.

"कायच न्हाई," लिंबाजी विजयी सुरात म्हणाला. "नक्की. सोडलं."

तात्यारावांनी अजून एकदा त्याच्याकडे पाहिले. मग सूत्रधाराने जे करायचे असते ते केले.

"थोड्या वेळाने एक मेंढी थरथरते," ते म्हणाले. "तोंडाला फेस येतो. ती आडवी होते. मग तिच्या शेजारची. मग पलीकडे दहा-बारा एकदम."

"कोण हाय?" लिंबाजी ओरडला. "कोण मारायलंय? म्यान काढलं! तलवार काढली!"

"कुणी नाही."

"आसं कसं कुणी न्हाई?"

"तू तलवार घेऊन उभा आहेस. रान शांत आहे. मेंढ्या पडतायत."

लिंबाजी कधी तात्यारावांकडे, कधी फाशाकडे बघत राहिला. मारायला कुणी नसणे ही गोष्ट वज्रबाहूच्या बाबतीत प्रथमच घडत होती.

"अग्निमाला परत आली," तात्याराव घाईने म्हणाले.

रेणुकाबाईंनी पदर सोडला.

"कापल्या जोंधळ्याचे कोंब चारलास व्हय रे लिंब्या? धनगराचं पोर तू! हाकल आधी, माळाकडं हाकल, काय बघायलास तोंडाकडं! आन् सिद्धप्पा, त्या म्होरक्या शेळीचं शेपूट धर आन् तिला म्होरं घाल!"

पुढची वीस मिनिटे त्या टेबलावर जे चालले त्यात कुठलाही मंत्र म्हटला गेला नाही. शेवटी माळावर दोनशे अकरा मेंढरे उभी होती. रानात ब्याऐंशी पडली होती, आणि त्यांच्याबरोबर म्होरकी शेळीही. सूर्य हातभर वर होता. समोर नदी.

"म्होरकी न्हाई," रेणुकाबाई म्हणाल्या. "आता एक बी पाण्यात उतरणार न्हाई."

लिंबाजीच्या कपाळावरून घाम ओघळत नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तो पुसायचे भान त्याला नव्हते. वज्रबाहूच्या गळ्यात एक ताईत होता. मेलेला जीव एकदाच, फक्त एकच, उठवणारा. तो मिळवायला तिघांनी आठ महिने खर्ची घातले होते आणि तो तिघांपैकी कुणावर तरी वेळ आली तर म्हणून जपला होता.

"सर," तो म्हणाला. "शेळी कुठं पडलीय?"

"अण्णा!" सिद्धप्पा किंचाळला. "ताईत शेळीला? मी उद्या मेलो तर?"

"तू नदी वलांडून देशील का दोनशे मेंढरं?"

सिद्धप्पाने विचार केला. "न्हाई," तो म्हणाला.

शेळी उठली, शिंकली आणि पाण्यात उतरली. तिच्यामागे सगळी उतरली. सूर्य टेकताना कळप रानात होता.

चन्नव्वाला बैलगाडीतून आणले होते. तात्यारावांनी तिला रडवले नाही, ओरडायला लावले नाही. त्यांनी वही उघडली. बारा दिवसांत त्यांनी तीनशे नावे लिहिली होती. चन्नव्वाने कळपावरून एकदा नजर फिरवली आणि नसलेल्यांची नावे घेतली. काजळी. बोडकी. तांबडकानी. लंगडीची थोरली. पावसात झालेली. गंगी. मुकी. सगळी नावे वाचायला बराच वेळ लागला. दहाव्या-बाराव्या नावाशी सिद्धप्पाचे हसू गेले. लिंबाजी शेवटपर्यंत खाली बघत बसला होता.

बाहेर शिपायाने दाराची कडी वाजवली. एक वाजला होता, ग्रंथालय बंद करायची वेळ. कुणी उठले नाही.

"म्हातारीचा पाय किती दिवसानं बरा व्हतो?" लिंबाजीने विचारले.

सूत्रधाराकडे याचा तक्ता नव्हता. सिद्धप्पाने, पहिल्यांदाच कंपाउंडर या नात्याने, उत्तर दिले. "म्हातारं हाड. तीन म्हैने धरा."

"मग तीन म्हैने तिच्या मेंढरामागं मी ऱ्हातो."

"मी बी?" सिद्धप्पा म्हणाला. "सोळाव्या पायरीचा चोर मेंढ्या राखू?"

"रानात तपासणी कुणी केली व्हती?" रेणुकाबाईंनी विचारले. "त्यात कायच कुणाला घावलं न्हाई?"

मग सावळ्याही मेंढरांमागे राहिला.

तात्यारावांच्या छातीवरून पंधरा दिवसांचे ओझे उतरले आणि ते पुरते उतरायच्या आत दुसरे चढले. तीन महिने म्हणजे तेरा रविवार. तेरा रविवार पुरतील इतकी मेंढरे त्यांच्या वहीत नव्हती. म्हाळसाबाईकडून आणलेले सगळे त्यांनी एका सकाळीच संपवून टाकले होते.

"म्होरच्या रविवारी लांडगा नका आणू सर," लिंबाजी उठता उठता म्हणाला. "त्याचं मला कळलं. खुरकूत आणा."

तात्यारावांनी पेन उघडले, तो शब्द वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. मग विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेतही कधी लावला नसेल असा गंभीर सूर लावून त्यांनी विचारले, "त्याची लक्षणे साधारण कोणती?"

लिंबाजी दारात थांबला. त्याने बहिणीकडे पाहिले.

रेणुकाबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. "आधी तोंडाला फोड येत्यात," त्या म्हणाल्या, शाळेत सांगतात त्याच आवाजात. "मग खुरामधी. लिहा."

तात्याराव लिहू लागले. लिंबाजी परत फिरला, त्यांच्या शेजारी टेकला आणि कानावरची पेन्सिल काढून त्याने वहीतला एक कोरा कागद मागून घेतला.